स्वमताचे तीन गुण

अहमदपूर
१२ नोव्हेंबर २०२४

पुनम,

घरातली पत्रं तुझी आई लिहायची आणि शेवटी मी सही करायचो. त्यामुळे वरचा मायना मला येत नाही. नुसतं नाव लिहिलं आहे, चालवून घे.

फोनच करणार होतो. पण किनवटकडे तुझ्या आश्रमशाळेत रेंज नसते, हे सप्टेंबरात आईच्या शेवटच्या दोन दिवसांत कळलंच. मी किती वेळा लावला, लागला नाही. असो.

पत्राचं कारण वेगळं आहे. आई निवृत्त झाल्यावर दुपारी दोन ते चार ओसरीवर तीन बायकांना दहावीचं मराठी शिकवायची. तुझ्याशी फोनवर बोलताना तिने सांगितलं असेल. सिंधुताई शेतकऱ्याघरच्या, नववीत लग्न झालेल्या. उज्वला शिवणकाम करते. तिसरी फरीदा. तिचा नवरा लालमहंमद आईच्याच शाळेत शिपाई होता, घंटा द्यायचा. तो गेल्यावर त्याच्या जागेवर फरीदाला घ्यायला संस्था तयार आहे, पण दहावी पास पाहिजे, आणि जूनच्या आत. तिचे बाकीचे सगळे विषय निघाले आहेत. मराठी दोनदा राहिलं. सातवीपर्यंत ती उर्दू शाळेत होती.

आईला समाधी देऊन पंधरा दिवस झाले आणि तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं भेटायला आल्या. त्यांच्या हातात पिशव्या होत्या, पिशव्यांत पुस्तकं.

सिंधुताई म्हणाल्या, "अप्पा, तुमी नुसतं समोर बसा. तुमी बसले की आमी वाचतो."

मी म्हणालो, मला मराठीतलं काही कळत नाही. मी आयुष्यभर जमिनी मोजल्या.

फरीदा म्हणाली, "साहेब, आमाला तरी कुठं कळून राहिलं? तुमच्यासंगं चार जण व्हतो."

मी बसलो. नाही म्हणायला जमलं नाही. आईचं पाठ्यपुस्तक उघडलं तर समासात सगळीकडे तिच्या पेन्सिलीने प्रश्न लिहिलेले. उत्तर एकही नाही. त्यातून काय शिकवणार? परवा लातूरला गेलो होतो, तिथून गाइड आणलं. त्यात सगळी उत्तरं तयार आहेत. कालपासून पाठ करून घेतो आहे.

तिकडे थंडी पडली असेल.

अप्पा


अहमदपूर
१० डिसेंबर २०२४

पुनम,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

वर्ग चांगला चालू आहे. रोज एक मध्यवर्ती कल्पना आणि एक स्वभावचित्रण, असा क्रम ठरवला आहे. 'स्वमत' म्हणून तीन गुणांचा प्रश्न असतो, तुमचं मत लिहा असा. तेही गाइडमध्ये दिलेलं आहे. तिघींचं स्वमत आता तोंडपाठ आहे. सिंधुताई जराही न अडखळता म्हणतात, "माझ्या मते प्रस्तुत पाठातील व्यक्तिरेखा ही मानवी मूल्यांची जपणूक करणारी असून." पुढचं वाक्य मग उज्वला उचलते.

ही लातूरच्या क्लासांचीच पद्धत. भरपूर पाठांतर, भरपूर सराव. दहावीनंतर तुला तिथे दोन वर्षं ठेवलं तेव्हा ती लागू पडली नाही, त्याला इतर कारणं होती. पद्धत चुकीची होती असं मला आजही वाटत नाही.

अप्पा


अहमदपूर
२६ डिसेंबर २०२४

पुनम,

एक फजिती झाली. कुणाला सांगावी कळेना, म्हणून तुला लिहितो. तू मराठीची शिक्षिका आहेस, तुला हसू येईल.

'नावाडी' नावाचा धडा आम्ही तीन आठवडे पाठ करत होतो. त्याचं स्वभावचित्रण गाइडमध्ये असं आहे: नावाडी हा पर्यावरणाविषयी जागरूक, सावली देणाऱ्या वृक्षाप्रमाणे निःस्वार्थी असून पाखरांनाही आधार देतो. तिघी म्हणायच्या, मी ऐकायचो आणि टिकमार्क करायचो.

सोमवारी फरीदा मध्येच थांबली. "साहेब, एक पुसू का? ह्या धड्यात झाड कुठंय?"

"असेल कुठंतरी."

"न्हाई ना. रात्री माझ्या पोरीकडून, अर्शियाकडून दोनदा वाचून घेतला. नदी हाय, नाव हाय, बाप हाय, पोरगी हाय. झाड काय, फांदी बी न्हाई."

मी गाइड पाहिलं. मग पाठ्यपुस्तक पाहिलं. गाइडची पानं बांधणीत मागेपुढे झाली होती. नावाड्याच्या खाली चिंचेच्या झाडावरच्या धड्याचं उत्तर आणि चिंचेच्या खाली नावाड्याचं.

सिंधुताई म्हणाल्या, "म्हंजे तीन हप्ते आपण नावाड्याला चिंचेचं झाड म्हणून राहिलो काय?" आणि अशा हसल्या की उज्वलाला पाणी आणावं लागलं. आई गेल्यापासून त्या ओसरीवर कुणी हसलं नव्हतं.

मला हसू आलं नाही, लाज वाटली. चूक छापणाऱ्याची होती, पण धडा मी एकदाही वाचला नव्हता. पस्तीस वर्षं मी हाताखालच्या पोरांना सांगत आलो की जागेवर गेल्याशिवाय नकाशाला हात लावायचा नाही. कचेरीत बसून नकाशा काढणाऱ्या एकाला मी निलंबितही करवलं होतं. आणि इथं मी स्वतः तेच केलं.

मी म्हणालो, गाइड बंद. आता जागेवर जायचं. पहिल्या ओळीपासून वाचा.

धडा छोटा आहे. गोदावरीकाठचा नावाडी. त्याच्या मुलीला पलीकडच्या गावच्या शाळेत प्रवेश मिळालेला. जायच्या दिवशी ती पेटी घेऊन घाटावर उभी, आणि बाप म्हणतो, नदीला पूर आहे, नाव सोडत नाही. संध्याकाळी मुलगी पेटी डोक्यावर घेऊन पाण्यातून चालत पलीकडे जाते. बाप नावेचा दोर गुंडाळत बसतो. शेवटची ओळ, 'दोर कोरडा होता.'

पानं नीट लावल्यावर गाइडमधलं खरं उत्तर असं निघालं: महापुरातही मुलीच्या जिवाची काळजी घेणारा करारी, कर्तव्यदक्ष बाप. मला पटलं. मी तेच घ्यायला सांगणार होतो.

पण तिसऱ्या परिच्छेदाशेजारी आईची पेन्सिल होती. 'पायऱ्या किती?'

वाचून पाहिलं. घाटाच्या अकरा पायऱ्या उघड्या होत्या, असं लिहिलं आहे. पहिल्या परिच्छेदात घाट बारा पायऱ्यांचा आहे. बारापैकी अकरा उघड्या म्हणजे एकच पाण्याखाली. पूर कुठला? मी उठून उभाच राहिलो. धड्यात मोजमाप असतं हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, ते आता आठवत नाही.

"मंग त्यो खोटं बोलला," उज्वला म्हणाली.

"काऊन बोलला पण?" सिंधुताई म्हणाल्या. "बाप हाय ना?"

फरीदाने ती ओळ पुन्हा बोट ठेवून वाचली. म्हणाली, "नदीला भ्याला न्हाई तो. पोरगी गेली तर परत येती का न्हाई, त्याला भ्याला. खोटं बोलला अन् नाव नदीचं घेतलं."

चार वाजून गेले होते. कुणी उठलं नाही.

अप्पा


अहमदपूर
१९ जानेवारी २०२५

पुनम,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं आहे.

आता आम्ही प्रत्येक धडा मोजणीसारखा घेतो. आधी हद्दीचे जुने दगड शोधायचे, म्हणजे धड्यात ठामपणे काय दिलं आहे ते. मग आजूबाजूच्या सगळ्यांचं म्हणणं ऐकायचं. एकाच्याच सांगण्यावर हद्द ठरवायची नाही. कवितेलाही हे चालतं, हे पाहून मला नवल वाटलं. कवी अमुक शब्द तीनदा का म्हणतो, घर म्हणतो पण दार का म्हणत नाही, यावर तिघी तावातावाने भांडतात. सिंधुताई तर कवीलाच झापतात. "बाबा, सरळ सांग की. आमाला सैपाक पडलाय."

ठरवलं की प्रत्येकाने एक स्वमत स्वतःच्या शब्दांत लिहायचं. फरीदा म्हणाली, "साहेब, तुमी बी लिवा. मोजणीला सगळे हजर लागतात म्हणता ना?"

प्रश्न होता, 'नावाड्याचे वागणे तुम्हाला योग्य वाटते का? सकारण लिहा.' माझं उत्तर सोबत जोडलं आहे. त्यांना वाचून दाखवलं नाही. इथे त्याचा सारांश सांगतो, म्हणजे कागद उघडायचा की नाही ते तुला ठरवता येईल.

सप्टेंबरात आईने शुद्धीवर असताना मला सांगितलं, पुनमला फोन लावा. मी तुला नंतर म्हणालो की दोन दिवस लावत होतो, रेंज नव्हती. मी एकदाही लावला नाही. फोन हातात घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. तुझ्या वसतिगृहाचा दुसरा नंबर आईच्या वहीत होता, तोही मला माहीत होता. तिसऱ्या दिवशी लावला तेव्हा पहिल्याच रिंगला तू उचललास. तू पोचलीस तेव्हा ती गेली होती.

तू बी.ए.ला नाव घातलंस तेव्हापासून सात वर्षं मी तुझ्याशी बोललो नव्हतो. लातूरची दोन वर्षं तुला कशी गेली ते मी विचारलं नव्हतं. तू आलीस आणि आईच्या समोर मला काही विचारलंस तर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून भ्यालो. आणि नाव रेंजचं घेतलं.

शेवटच्या ओळीशेजारी आईने लिहिलं आहे, 'कोरडा का?' हे तिने कधी लिहिलं मला माहीत नाही. आजारपणाच्या बरंच आधी असणार. माझा काही संबंध नसेल. तरी ते पान मी रोज पाहतो.

माफी मागण्याचे शब्द गाइडमध्ये असतात, म्हणून ते वापरत नाही. जे झालं ते जागेवर जाऊन पाहिलं आणि लिहिलं, एवढंच.

अप्पा


अहमदपूर
२१ फेब्रुवारी २०२५

पुनम,

आज मराठीचा पेपर झाला. केंद्राबाहेरच्या लिंबाखाली मी अकरा ते दोन उभा होतो. दहावीच्या पोरांचे आईबाप आजूबाजूला. एकाने विचारलं, "नातू आहे का?" मी म्हणालो, "तीन विद्यार्थिनी आहेत." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि ते बोलून मला बरं वाटलं.

आधी उज्वला आली, मग सिंधुताई. "अप्पा, नावाडी आलाच न्हाई!" एवढी मेहनत केलेला धडाच पेपरात नव्हता.

फरीदा सगळ्यांत शेवटी आली. शाईची बोटं ओढणीला पुसत होती. मी विचारायच्या आधी तीच बोलली.

"साहेब, न वाचलेला उतारा आला. एसटीचा डायवर. त्याच्या गावात थांबा न्हाई, तरी रोज गावावरून जाताना हारन वाजवतो. पुसलंय, डायवरचा स्वभाव लिवा."

"मग काय लिहिलंस? कर्तव्यदक्ष?"

"छ्या! ते तर समदे लिवतील." ती लिंबाच्या पारावर बसली. "उताऱ्यात बगा, सकाळी जाताना दोनदा वाजवतो अन् रात्री येताना एकदाच. दोनदा वाचलं मी. मंग मोजलं. घरात त्याची बायको हाय अन् एक बारकी पोरगी हाय, हे वर लिवलंय. सकाळी दोघी जाग्या. रातच्याला पोरगी झोपलेली. मंग एकच हारन, बायकोपुरता. तिची झोप मोडू न्हाई म्हणून. मी लिवलं, हा माणूस कमी बोलतो पण मोजून बोलतो."

सिंधुताई म्हणाल्या, "बया! मी तर लिवलं ध्वनिप्रदूषण करतो."

मग आम्ही चौघं त्या पारावर बसून इतकं हसलो की तो नातवाबद्दल विचारणारा माणूस लांब जाऊन उभा राहिला.

तो उतारा कुठल्याच गाइडमध्ये नाही, पुनम. तिला तो कुणीही सांगितलेला नव्हता. तुझी आई आज पाहिजे होती.

अप्पा


अहमदपूर
८ मार्च २०२५

पुनम,

तुझं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी असेल म्हणून दोनदा झटकून पाहिलं. आत माझाच कागद होता, लाल शाईने तपासलेला.

तू चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आहेस. 'नाव रेंजचं घेतलं' या ओळीखाली रेघ मारली आहेस आणि समासात काहीच लिहिलं नाहीस. खाली तीनपैकी दोन गुण दिलेस, आणि शेरा, 'पुरावे नीट दिले आहेत. पण घाटावर दोन माणसं आहेत. मुलीला काय वाटत होतं ते उत्तरात कुठेच नाही.'

मी कागद घेऊन आईच्या समाधीपर्यंत चालत गेलो. येताना सिंधुताई वाटेत भेटल्या. त्यांनी माझं तोंड पाहून विचारलं, "काय झालं अप्पा?"

मी म्हणालो, "पास झालो."

अप्पा


अहमदपूर
१४ मे २०२५

पुनम,

काल एक वाजता निकाल लागला. उज्वला सदुसष्ट. सिंधुताई एक्केचाळीस, आणि त्यांचं म्हणणं की ध्वनिप्रदूषणाचेही गुण मिळाले. फरीदा एकोणसाठ.

मराठीत एकोणसाठ. ज्या बाईला दोनदा पस्तीस मिळाले नव्हते तिला.

अर्शियाचाही दहावीचा निकाल कालच होता. ती चांगल्या गुणांनी पास झाली, पण तिने आपला निकाल आधी उघडलाच नाही. "अम्मीचा बगा, अम्मीचा," म्हणत मोबाईल घेऊन आमच्या ओसरीवर पळत आली. फरीदा उज्वलाच्या शिवणीच्या कपड्यांत तोंड खुपसून बसली होती. आकडा ऐकला तेव्हा तिने आधी विचारलं, "कुणाचा?" दोनदा सांगावं लागलं. मग ती उठली, आत गेली आणि आईच्या फोटोसमोर उभी राहिली. हात जोडले नाहीत, रडली नाही. ती म्हणाली, "म्याडम, झाड न्हवतं त्या धड्यात. मी बरोबर व्हते."

संध्याकाळी संस्थेचे लोक घरी येऊन तिला सांगून गेले, पंधरा दिवसांत कागद निघेल.

गल्लीत माझी ओळख आता 'मराठीचे सर' अशी करून देतात. मी नाकारत नाही. पुढच्या वर्षासाठी आत्ताच पाच नावं आली आहेत. त्यांतल्या एकीच्या सासूबाईंनाही बसायचं आहे.

गाइड मी ठेवून दिलं आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांना दाखवायला उपयोगी पडेल.

अप्पा


अहमदपूर
१६ जून २०२५

पुनम,

आज शाळा उघडली. मी साडेनऊलाच फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

घंटा अजून तीच आहे, रुळाच्या तुकड्याची. लालमहंमदचा लोखंडी दांडा तिच्या शेजारच्या खिळ्याला लटकलेला. फरीदा नव्या निळ्या साडीत आली, दांडा काढला, पदराने पुसला. मैदानावर चारपाचशे पोरं. तिने मला पाहिलं पण ओळख दाखवली नाही, कामावर होती. मग तिने घंटा दिली. पहिला टोल जरा हलका बसला. दुसरा असा बसला की बाभळीवरचे कावळे उडाले. तिसऱ्याला सगळं मैदान गप्प झालं आणि पोरं रांगेत धावली. तुझी आई तीस वर्षं याच आवाजाने वर्गात गेली. आज तो आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला.

घंटा देऊन झाल्यावर ती फाटकाशी आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, मोजले का? दहा दिले."

मोजले होते.

आता तुझ्या शेऱ्याबद्दल. तीन महिने मी तो तिसरा गुण मिळवायचा प्रयत्न केला. मुलगी घाटावर काय विचार करत असेल यावर चार कागद लिहिले. सगळे टाकून दिले. त्यांतलं एकही वाक्य धड्यात सापडत नाही. मी ते माझ्या मनाने लिहीत होतो, आणि तेच तर मी तुझ्या बाबतीत आधीही केलं. दहावीनंतर तुला काय घ्यायचं आहे ते मी ठरवलं. लातूरला दुसरं वर्ष काढायचं तेही मीच ठरवलं. लगतच्या जमिनीच्या कब्जेदाराला नोटीस न देता केलेली मोजणी रद्द होते, हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. तुला मी कधी नोटीसच दिली नाही.

म्हणून उत्तर मी लिहीत नाही. प्रश्न लिहितो, आईसारखा, पेन्सिलीने.

पुनम, तेव्हा तुला काय वाटत होतं? आणि आता काय वाटतं?

खाली पट्टीने सहा ओळी आखल्या आहेत, उत्तरपत्रिकेत असतात तशा. तुझी शाळाही आज उघडली असेल, त्यामुळे घाई नाही. इथे येऊन तोंडी दिलंस तरी चालेल, नांदेडहून अहमदपूरची गाडी दर तासाला असते आणि फाट्यावर उतरलीस की मी उभा असेन. सहा ओळी कमी पडतील असं मला वाटतं. पडल्या तर पुरवणी जोड. कितीही जोड, मी सगळ्या वाचीन.

अप्पा

______________________________

______________________________

______________________________

______________________________

______________________________

______________________________